खासगी म्हणजे कोणाची?

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक प्रश्न येतो : "मणिकोंडा, नल्लगंडला भागात चांगली शाळा कोणती?" त्याखाली पंचवीस-तीस उत्तरे जमतात. कुणी सीबीएसई सुचवतो, कुणी आयबी, कुणी केंब्रिज. एखादी ताई सांगते की अमुक शाळेचे अर्ज ऑगस्टमध्येच संपले. मग कुणीतरी फीचा आकडा टाकतो, नर्सरीचे दोन-अडीच लाख, आणि त्यावर डोळे विस्फारलेल्या इमोजींची रांग लागते. दोन दिवसांत प्रश्न मागे पडतो आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलणे सुरू होते.

यंदा मी ही सगळी उत्तरे लक्ष देऊन वाचली, कारण येत्या जूनमध्ये आमची लेक पहिलीत जाणार आहे. नवरा-बायको दोघेही सॉफ्टवेअरवाले, म्हणजे एक्सेल शीट तयार झाली हे सांगायला नकोच. फी, घरापासूनचे अंतर, बसचा मार्ग, वर्गातली मुलांची संख्या, बोर्ड, मैदान आहे की फक्त गच्चीवर टर्फ आहे, असे बारा रकाने. शीट भरत असताना बायकोने विचारले, "वर्गात हिच्या शेजारी कोण बसणार, याचा रकाना आहे का?" त्याला उत्तर नव्हते, कारण ते आधीच ठरलेले होते. जी शाळा वर्षाला दोन लाख घेते, तिथे शेजारी बसणारी मुलगीही दोन लाख भरणाऱ्या घरातलीच असणार. फीच तो रकाना भरून टाकते.

या महिन्याचे सदर त्या रकान्याबद्दल आहे.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई देगलूरकडच्या. नवरा बांधकामावर वॉचमन. त्यांची धाकटी मुलगी आमच्या लेकीपेक्षा चार महिन्यांनी मोठी. ती सरकारी शाळेत जात असेल असे मी धरून चाललो होतो, पण तीही खासगी शाळेतच जाते. आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या बस्तीत, खाली किराणा दुकान आणि वर तीन मजले शाळा, अशी ती इमारत आहे. महिना दीड हजार फी, मोठ्या मुलाची सतराशे. शिवाय पुस्तके, टाय, बेल्ट, परीक्षा फी वेगळी. दोघांची मिळून कमाई महिन्याला सत्तावीस हजारांच्या आसपास. हिशेब केला तर घरभाड्यानंतरचा सर्वांत मोठा खर्च शाळेचा निघतो आणि उत्पन्नातला त्याचा वाटा आमच्याइतकाच, कदाचित जास्तच. "सरकारी शाळा फुकट आहे ना हो जवळ?" असे मी विचारले. ताई म्हणाल्या, "हाय की. पन तितं सर कवा येतेत कवा नाई. आन हितं इंग्लिश हाय. पोरीनं माज्यासारकं भांडी नको घासाया."

हैदराबादची ही गोष्ट जगाला नवी नाही. २००० साली जेम्स टूली नावाचे ब्रिटिश प्राध्यापक कामानिमित्त इथे आले असता चारमिनारच्या मागच्या गल्ल्यांत शिरले आणि तिथल्या दोन-दोन खोल्यांच्या खासगी शाळा पाहून थक्क झाले. रिक्षावाले, हातगाडीवाले, मजूर स्वतःच्या खिशातून फी भरत होते. पुढे त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि जगभर सांगत फिरले की गरिबांनी स्वतःच आपला मार्ग शोधला आहे, सरकारने मध्ये येऊ नये. आज या शहरातली बहुतांश मुले खासगी शाळांतच आहेत. त्यामुळे इथली विषमता "सरकारी विरुद्ध खासगी" अशी सरळ दोन रंगांत रंगवता येत नाही. ती खासगीच्या आत आहे. तीन किलोमीटरच्या परिघात दीड हजारांची खासगी शाळा, सहावीपासून आयआयटीची तयारी करून घेणारी साखळीतली खासगी शाळा आणि पोहण्याच्या तलावासह लाखोंची खासगी शाळा, अशा तिन्ही आहेत. ताईंची मुलगी आणि माझी मुलगी दोघीही "इंग्लिश मीडियम प्रायव्हेट"मध्ये जातात. शब्द तेच.

ताईंच्या दीड हजारांतून काय मिळते, याचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न आपल्याच भागात झालेला आहे. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशातल्या पाच जिल्ह्यांत, १८० गावांमध्ये, कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी चिठ्ठ्या टाकून काही सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेची फी भरण्याचे व्हाउचर दिले. चिठ्ठी लागलेली मुले आणि न लागलेली मुले यांची दोन वर्षांनी आणि चार वर्षांनी परीक्षा घेतली. निकाल २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेलुगू, गणित, इंग्रजी, विज्ञान-समाजशास्त्र या विषयांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हिंदीत मात्र खासगीत गेलेली मुले बरीच पुढे होती, कारण त्या सरकारी शाळांत हिंदी शिकवतच नव्हते.

याचा एक अर्थ असा की सरसकट पाहिले तर खासगी शाळेची मुले पुढे दिसतात ती मुख्यतः घरामुळे. ज्यांच्या घरी अभ्यास घ्यायला कुणी आहे, पुस्तक आणि शांत कोपरा आहे, ती मुले खासगीत जातात आणि श्रेय शाळेला मिळते. दुसरा अर्थ शाळांच्या बाजूने आहे, तोही सांगितला पाहिजे. त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहून कमी होता आणि तेलुगू व गणिताला त्या कमी वेळ देत होत्या. तरीही त्यांनी तेवढेच शिकवले. म्हणजे बस्तीतली शाळा लुटारू नाही आणि जादूगारही नाही. ती स्वस्त आहे, कारण तिथल्या शिक्षिकेला तुटपुंजा पगार आहे. ताईंच्या मुलीची वर्गशिक्षिका नुकतीच पदवीधर झालेली मुलगी आहे आणि संध्याकाळी ती शिकवण्याही घेते, तेव्हा कुठे तिचे भागते.

मग ताई चुकतात का? मला तसे म्हणता येत नाही. शिक्षक वेळेवर आला नाही तर खासगी शाळेच्या मालकाला जाऊन विचारता येते, फी थांबवीन म्हणता येते. सरकारी शाळेत कोणाला विचारायचे हे त्यांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते तिथे उरलेले नाहीत. दीड हजार रुपयांत ताई शिक्षणासोबत प्रश्न विचारण्याचा हक्कही विकत घेतात.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण "खासगी शाळा" या शब्दाला आपल्या मराठी माणसांच्या हैदराबादेत एक वेगळा इतिहास आहे आणि नव्या पिढीतल्या अनेकांना तो ठाऊक नाही.

निजामाच्या राज्यात शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, पण मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची भाषा ती नव्हती. अशा राज्यात मराठी मुलांसाठी शाळा काढायची तर ती खासगीच काढावी लागे. जांबागची विवेक वर्धिनी १९०७ च्या सुमारास उभी राहिली. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशी माणसे तिच्यामागे होती. कोरटकर परभणीकडच्या खेड्यातून आले आणि पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. मराठवाड्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय याही खासगी शाळाच. या दोन्ही ठिकाणी स्वामी रामानंद तीर्थांनी शिकवले आणि तिथूनच पुढे मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडले. सरकारला या शाळांचा संशय येई, परवानग्यांचा जाच होई. तिकडे साताऱ्याच्या बाजूला भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सुरू केलेली रयत शिक्षण संस्थाही खासगीच होती.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात खासगी शाळा हे दार होते. सरकारने ज्यांना बाहेर ठेवले त्यांना आत घेण्यासाठी समाजाने वर्गणी काढून, धान्य गोळा करून, शिक्षकांनी अर्ध्या पगारावर काम करून उघडलेले दार.

त्याच काळात दुसऱ्या प्रकारची खासगी शाळाही याच शहरात होती. १९२३ मध्ये बेगमपेठेत जहागीरदार कॉलेज निघाले, जहागीरदारांच्या मुलांसाठी. तिथे दार होते, पण वंशावळ पाहून उघडणारे. जहागिरी गेल्यावर १९५१ मध्ये तिचे हैदराबाद पब्लिक स्कूल झाले आणि ती इतरांनाही खुली झाली. सत्या नडेला तिथलेच, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते. योगायोग असा की रामानंद तीर्थांचे स्मारकही बेगमपेठेतच आहे. मेट्रोने त्या भागातून जाताना मला नेहमी वाटते की खासगी शाळेचे दोन अर्थ इथे शेजारी शेजारी आहेत. एक जहागीरदारांचा आणि एक मास्तरांचा. आपल्या एक्सेल शीटमधल्या शाळा यांतल्या कोणत्या घराण्यातल्या आहेत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मी नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी अनुदानित शाळेत शिकलो. शाळा संस्थेची, पगार सरकारचा. माझ्या बाकावर माझ्यासह तिघे बसायचो : मधला तालुक्याच्या डॉक्टरांचा मुलगा, कडेचा आठवडी बाजारात कपडे शिवणाऱ्याचा. याचे कौतुक कुणी करत नसे, कारण दुसरी शाळाच नव्हती. पण त्याचा एक परिणाम होता. गणिताचे सर दीर्घ रजेवर गेले तेव्हा डॉक्टरसाहेब स्वतः मुख्याध्यापकांकडे गेले आणि आठवड्यात पर्यायी शिक्षक आला. तो शिक्षक शिंप्याच्या मुलालाही मिळाला. शिंप्याने जाऊन सांगितले असते तर आठवड्यात काम झाले असते का, याबद्दल मला शंका आहे. आता त्या गावात चार इंग्रजी शाळा आहेत आणि डॉक्टरांची नातवंडे त्यांतल्या एकीत जातात. जुन्या शाळेत गणिताचे सर नसले तर मुख्याध्यापकांच्या खोलीत जाणारे कुणी नाही.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्येच ही गोष्ट मांडून ठेवली. एखादी संस्था बिघडू लागली की माणसाकडे दोन उपाय असतात, बोलणे किंवा निघून जाणे. ज्यांना दर्जा कळतो आणि ज्यांच्याकडे पैसा आहे तेच आधी निघून जातात. आणि तेच सर्वांत प्रभावीपणे बोलू शकले असते. त्यामुळे ते गेल्यावर संस्था आणखी वेगाने घसरते. त्याने उदाहरण दिले होते सार्वजनिक शाळांचे. माझ्या मते शिक्षणातल्या विषमतेचा सर्वांत मोठा तोटा हा आहे. पोहण्याचा तलाव कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, हे त्यापुढे लहान.

हे आपल्याकडच्यांनी ओळखले नव्हते असे नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हेच विचारले होते की सारा भरतो शेतकरी आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर, हे कसे? १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. त्या आयोगाने "समान शाळा पद्धती"ची शिफारस केली : वस्तीतली सगळी मुले, कोणत्याही घरची असोत, वस्तीतल्या शाळेत. शिफारस सगळ्यांना पटली आणि फाइलीत राहिली.

तिचा एक छोटासा तुकडा शेवटी कायद्यात आला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२ नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा आसपासच्या दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फुकट शिकवायचे. सरकार एका मुलावर जेवढा खर्च करते ती रक्कम किंवा शाळेची फी, यांतले जे कमी असेल ते शाळेला परत मिळते. शाळा न्यायालयात गेल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले.

त्यानंतरची कथा वाचण्यासारखी आहे. कर्नाटकाने २०१८ च्या अखेरीस नियम बदलला : जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला हा कोटा नाही. तिथल्या लाखाहून अधिक जागा बघता बघता काही हजारांवर आल्या. महाराष्ट्राने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तसाच नियम काढला, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास सूट. पालक उच्च न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला नियमच रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करायला नकार दिला. महाराष्ट्रात दरवर्षी या कोट्याच्या सुमारे एक लाख जागा असतात, म्हणजे एका अधिसूचनेने केवढी दारे बंद झाली असती याचा अंदाज करा. आपल्या तेलंगणात हे कलम दशकभराहून अधिक काळ कागदावरच राहिले. शेजारच्या आंध्राने न्यायालयाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये त्यासाठी नियम काढले.

आता आपल्या ग्रुपवरच्या शंकांकडे येतो. गेल्या वर्षी हा विषय निघाला तेव्हा तीन आक्षेप आले होते. पहिला, "आम्ही फी भरायची आणि दुसऱ्यांनी फुकट शिकायचे?" दुसरा, "त्या मुलांनाच न्यूनगंड येईल." तिसरा कुणी उघड लिहिला नाही, पण फोनवर तिघांनी बोलून दाखवला : "आपली मुले बिघडतील, भाषा बिघडेल."

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण खरा तोच आहे. दिल्लीत सवलतीच्या जमिनीवर उभ्या असलेल्या खासगी शाळांना २००७ पासून गरीब मुले घ्यावी लागली. गौतम राव या अर्थतज्ज्ञाने त्या शाळांतल्या श्रीमंत मुलांचा अभ्यास केला. गरीब वर्गमित्र लाभलेली मुले जास्त उदार निघाली आणि समाजकामाला जास्त संख्येने पुढे आली. त्याने एक रिले शर्यतही घेतली. संघासाठी जोडीदार निवडायचा, एकीकडे वेगाने धावणारा गरीब मुलगा, दुसरीकडे हळू धावणारा आपल्यासारख्या घरचा. ज्यांना गरीब वर्गमित्रांची सवय होती, त्यांनी वेग पाहून निवड केली. ज्यांना नव्हती, त्यांच्यापैकी बरेच जण बक्षिसावर पाणी सोडूनही आपल्यासारख्याच मुलाकडे वळले. अभ्यासाचे काय झाले? हिंदी आणि गणितात काही फरक नाही, इंग्रजीच्या गुणांत किंचित घट. हीही बाजू लपवायची नाही. पण उद्या ही मुले टीम बांधणार, माणसे नेमणार. वेग ओळखता येणे आणि फक्त आपल्यासारखा चेहरा ओळखता येणे, यांतले कोणते कौशल्य त्यांना उपयोगी पडेल? मी नोकरीसाठी मुलाखती घेतो. चांगले इंग्रजी बोलणाऱ्याला हुशार समजण्याची ओढ किती जोरदार असते, हे मी खोलीत बसून पाहतो.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर हिशेबात आहे. सरकार पैसे परत देते, पण थोडे आणि उशिरा. महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत ही रक्कम मुलामागे १७,६७० रुपये धरली जाते आणि तीही वेळेवर येत नाही, अशी शाळांची तक्रार आहे. ती तक्रार खरी आहे. छोट्या शाळेला हे जड जाते. पण त्यावरचा उपाय सरकारकडून थकबाकी वसूल करणे हा आहे. मुलाला बाहेर काढणे हा नव्हे. दुसरा आक्षेप, न्यूनगंडाचा, यातही तथ्य आहे. प्रवेश मिळाला तरी बस, सहल, वाढदिवसाच्या भेटवस्तू, प्रोजेक्टचे रंगीत प्रिंट यांचे पैसे कोण देणार? यातल्या निम्म्या गोष्टी शाळा ठरवत नाही, आपण पालक ठरवतो. वाढदिवसाला वर्गात फक्त चॉकलेट वाटायचे, असा नियम पालकसभेत मांडायला कायदा लागत नाही.

या कोट्याने सगळे सुटेल, असे मात्र समजू नये. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये आहे. शहरात नवरा-बायको दोघेही राबणारे कुटुंब ती सहज ओलांडते. वंचित गटात बसत नसेल तर त्या घरच्या मुलाला कोटाही नाही आणि फीही परवडत नाही. आणि ज्याची चिठ्ठी लागली नाही, त्याला शेवटी सरकारी शाळाच आहे. म्हणून सरकारी शाळा चांगली हवी, याला पर्याय नाही.

ती चांगली होऊ शकते, याचा पुरावा याच राज्यात आहे. रामानंद तीर्थांचे शिष्य आणि पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल इथे सरकारी निवासी शाळा निघाली. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी. पुढे ते केंद्रात मनुष्यबळ विकास मंत्री असताना त्याच धर्तीवर नवोदय विद्यालये उभी राहिली. इथली समाजकल्याण निवासी विद्यालये, ज्यांना सगळे गुरुकुल म्हणतात, त्यांतल्या मालावत पूर्णा या मुलीने २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्ट सर केले, तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. पालक दोघेही शेतमजूर. एव्हरेस्ट म्हणजे शिक्षण नव्हे, हे मान्य. पण सरकारने लक्ष आणि पैसा दिला तर त्याच व्यवस्थेतून काय निघू शकते, ते यातून दिसते. या शाळांना निवडीची चाळणी आहे, ही मर्यादाही तितकीच खरी. बस्तीच्या कोपऱ्यावरच्या साध्या प्राथमिक शाळेला तेवढे लक्ष अजून मिळालेले नाही.

आमच्या लेकीचा प्रवेश आम्ही एका मध्यम खासगी शाळेत घेतला आहे. घरापासून दोन किलोमीटर, तलाव नाही, मैदान आहे. सहा वर्षांच्या मुलीला माझ्या मतांच्या प्रयोगात मी ढकलणार नाही, आणि कुणी ढकलावे असे सांगणारही नाही. पण निघून गेलेल्या माणसालाही बोलता येते. त्यासाठी तीन गोष्टी मला सुचतात.

एक, आपल्या मुलाच्या शाळेतल्या पालकसभेत विचारा की कलम १२ च्या जागांचे काय. उत्तर मिळेलच असे नाही. पण फी भरणाऱ्या पालकाने विचारलेला प्रश्न शाळा टिपून ठेवते. दोन, ज्या शाळेत आपण शिकलो, जिल्हा परिषदेची असो की अनुदानित, तिच्याशी संबंध ठेवा. देणगीची पावती पुरेशी नाही. गावी गेलात की मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन बसा आणि विचारा, गणिताचे सर आहेत का. डॉक्टरसाहेबांचे ते काम आता आपल्या पिढीकडे आले आहे.

तीन, आपल्या घरी, आपल्या सोसायटीत काम करणाऱ्यांच्या मुलांचे अर्ज. गुरुकुलांचा प्रवेश पाचवीपासून असतो, नवोदयचा सहावीपासून, दोन्हींना प्रवेशपरीक्षा. अर्ज ऑनलाइन भरायचा, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मीसेवा केंद्रातून आणायचा, फोटो ठरावीक आकाराचा हवा. देगलूर, उदगीर, बीदरकडून आलेल्या कुटुंबांना तेलुगू वाचता येत नाही आणि इंग्रजी कळत नाही. दाखला मूळ गावचा चालेल की इथला लागेल, इथेच बरेच जण अडतात. आपल्यासाठी हे अर्ध्या तासाचे काम आहे. ताईंचा मोठा मुलगा यंदा चौथीत आहे. त्याच्या कागदांची यादी काढायला आम्ही सुरुवात केली आहे आणि रहिवासाच्या पुराव्यापाशी अडलो आहोत.

मंडळाच्या कार्यकारिणीकडे मी एक प्रस्ताव दिला आहे : डिसेंबर आणि जानेवारीत दर रविवारी सकाळी दोन तास, मंडळाच्या कार्यालयात दोन लॅपटॉप, एक प्रिंटर आणि तेलुगू वाचता येणारा एक जण. लॅपटॉप मिळाले आहेत. प्रिंटर आमच्या घरचा आणता येईल. इथेच शाळा शिकलेल्या, तेलुगू सहज वाचणाऱ्या आपल्या तरुण मुलामुलींपैकी कुणी रविवारची सकाळ देणार असेल तर मंडळाच्या नेहमीच्या पत्त्यावर नाव कळवावे.